जुनी अॅल्युमिनियमची होडी घेताय? आधी तिच्यात पाणी भरा

माझी पहिली होडी रात्रीच्या गप्पांत ठरली आणि सकाळी पैसे देऊन आणली. बारा फुटी, अॅल्युमिनियमची, नव्या रंगाने चकाकणारी. करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या काठावर ती पाण्यात सोडली. पहिला अर्धा तास सगळं झकास. मग पायाखालच्या फळ्यांखाली काहीतरी खळखळायला लागलं. जोडीदार जाळं सोडत होता आणि मी तेलाच्या डब्याने पाणी उपसत होतो. काठाला लागल्यावर फळ्या उचकटल्या तर खाली होडी तरंगावी म्हणून भरलेल्या फोमचा लगदा, पाणी पिऊन फुगलेला. त्याच्या खाली पत्रे जोडणाऱ्या रिबिटांची एक अख्खी रांग ढिली. विकणाऱ्याने रंग कालपरवाच दिला होता, आणि मी त्या रंगालाच भुललो होतो.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. होडी कोरडी बघून घ्यायची नाही. आधी तिच्यात पाणी, मग ती पाण्यात, आणि मग पैसे. हा क्रम कुणी मोडायला लावला, ‘गिऱ्हाईक दुसरं तयार आहे मालक’ असं म्हणून घाई केली, तर नमस्कार करून परत या. होडी दुसरी मिळते.

कुठल्या पाण्यासाठी, हे आधी

सोलापूरच्या माणसाला मासेमारीसाठी दोन तऱ्हेची पाणी आहेत. एक हिप्परग्याच्या एकरूख तलावासारखं, ब्रिटिश काळातलं, काठ डोळ्यांच्या टप्प्यात असलेलं. दुसरं उजनी, म्हणजे यशवंतसागर. माढा, करमाळा, इंदापूर, दौंड असं पसरलेलं हे पाणी भरल्यावर ११७ टीएमसीच्या घरात जातं. तलावात सपाट बुडाची दहा फुटी होडी पुरते. उभं राहून जाळं ओढलं तरी ती डुलत नाही. पण तीच होडी उजनीच्या मधल्या पाण्यात वारा सुटल्यावर लाटेवर थाडथाड आपटते आणि तोंडावरून पाणी आत घेते. उजनीसाठी पुढचं तोंड उंच आणि पुढच्या बुडाला थोडा तरी व्हीसारखा उतार असलेली, बारा ते चौदा फुटांची, कडेच्या भिंती खोल असलेली होडी बघा.

माणसं किती बसतील याचा एक ढोबळ हिशोब आहे: लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणा आणि १५ ने भागा. बारा बाय चार म्हणजे ४८, भागिले १५, तीन माणसं. चौदा बाय पाच म्हणजे चार. हा हिशोब शांत पाण्याचा आणि मध्यम वजनाच्या माणसांचा आहे. उजनीसाठी त्यातून एक माणूस वजा करा. भिजलेलं जाळं आणि बर्फासकट मासळीचे क्रेट हे त्या एका माणसाच्या जागी येतात.

उजनीची आणखी एक गोष्ट नवख्याला ठाऊक नसते. उन्हाळ्यात धरण ‘वजा’त जातं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातलं पाणी खाली यायला लागतं. तेव्हा बुडालेल्या गावांच्या भिंती, देवळं, बाभळीचे बुंधे पाण्याच्या अगदी वितभर खाली असतात. पळसदेवचं देऊळ तर उघडंच पडतं. म्हणून या पाण्यात वापरलेल्या होडीचं बूड पुढच्या तिसऱ्या भागात जास्त मार खाल्लेलं असतं. तिथेच आधी वाकून बघायचं.

अॅल्युमिनियम का

आमच्या भागात लोखंडी पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या जास्त, अॅल्युमिनियमच्या थोड्या. पण दोघांनी उचलून काठावर ओढता येणारी होडी हवी असेल तर अॅल्युमिनियमला तोड नाही. दीड मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा लोखंडाचा असेल तर बारा किलोच्या जवळ भरतो, अॅल्युमिनियमचा चार किलो. धरणाचं पाणी मागे सरकतं तेव्हा काठापासून पाण्यापर्यंत गाळाचा लांब पट्टा पडतो. त्या गाळातून लोखंडी होडी रोज ओढून बघा, मग या आकड्यांची किंमत कळेल.

हा धातू म्हणजे आपल्या घरातलं ‘जर्मन’च. त्याचा स्वभाव आईला, आजीला पक्का माहीत असतो. जर्मनच्या पातेल्यात आंबट-खारट रात्रभर ठेवलं की तळाला बारीक भोकं पडतात, सोडा घालून उकळलं की काळं पडतं. होडीचंही तेच होतं. गोड्या पाण्यात ती वर्षानुवर्षं टिकते. मीठ, चुना, ओलं सिमेंट आणि दुसऱ्या धातूंची सलगी मात्र तिला चालत नाही. होडीसाठी वापरतात तो मिश्रधातू पातेल्याहून मजबूत असतो, ५०५२ किंवा ५०८३ असे त्याचे क्रमांक असतात. जुन्या होडीवर तो छापलेला सापडेलच असं नाही. विचारून मात्र ठेवा. कुणी शेडच्या छपराचा पत्रा वाकवून होडी बनवली असेल तर निदान कळेल.

सोबत काय न्यायचं

चुंबक, खडू, मोजायची टेप, टॉर्च, टोकदार स्क्रू ड्रायव्हर, कोरडं फडकं. आणि एक न बोलणारा मित्र, तुमच्यापेक्षा कमी उत्साही असलेला. जायचं सकाळी, उजेडात. मे महिन्यात दुपारी गेलात तर पत्र्याला हात लावता येणार नाही आणि तपासणी आपोआप घाईची होईल.

चुंबक पत्र्यावर ठिकठिकाणी फिरवा. अॅल्युमिनियमला तो चिकटत नाही. चिकटला तर तिथे लोखंड आहे: एखादं ठिगळ, एखादी पट्टी किंवा साध्या लोखंडी नट-बोल्टांची रांग. ओलाव्यात लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना भिडले की झिजतं ते अॅल्युमिनियम. बोल्टाभोवती पांढरी, पिठासारखी पावडर दिसली की समजा आतून पोखरण सुरू झालीय. तांब्याची तार किंवा पितळेचा तुकडा बुडाशी पडून राहिला असेल तर त्याहून वाईट. स्टेनलेसच्या बोल्टाला चुंबक बहुधा चिकटत नाही, त्यामुळे चुंबक गप्प राहिला तरी पावडर डोळ्यांनी शोधायचीच.

नवा रंग दिसला तर सावध व्हा. बुडाला डांबर फासलेलं असेल तर अजून सावध. जुनी होडी ओरखड्यांची, पोच पडलेली असली तरी मला चालते. तिचं सगळं समोर असतं. डांबराखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक. दोन-तीन ठिकाणी खरवडून बघायची परवानगी मागा, नाही म्हणाला तर सौदा तिथेच थांबला.

होडी आधी कशाला वापरली हेही विचारा. उजनीच्या काठाला उसाचं आणि केळीचं रान आहे, पलीकडच्या शेतात खतांची पोती होडीतून नेतात. पोटॅश म्हणजे क्लोराइड, मिठाचंच भावंड. फुटलेल्या पोत्यातलं खत फळ्यांखाली पडून ओलं झालं की पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. कोकणातून आणलेली होडी असेल तर फळ्यांखालचं मीठ तेच काम करतं. म्हणून फळ्या काढायलाच लावायच्या. ‘त्या फिट बसवल्यात’ हे उत्तर ऐकून मी एकदा गप्प बसलो होतो, त्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

खड्डे दिसले तर टॉर्च आतून बुडाला चिकटवून धरा आणि मित्राला बाहेरून, गोधडीखाली डोकं घालून बघायला सांगा. टाचणीएवढं भोकसुद्धा ताऱ्यासारखं चमकतं.

आता पाणी, होडीच्या आत

ही खरी परीक्षा. होडी बाहेर उभी ठेवून तिच्यात दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि बाहेरून कुठे घाम फुटतो ते बघायचं. रिबिटातून किंवा सांध्यातून बारीक थेंब आला की खडूने खूण करायची.

पण नवख्याची इथे एक मोठी चूक होते. बारा फुटी होडीत तीन इंच पाणी म्हणजे तीनशे किलोच्या आसपास वजन. होडी दोन टोकांना दोन दगडांवर टेकवून भरलीत तर तुम्हीच ती वाकवाल आणि विकणारा भांडायला उठेल, बरोबरच उठेल. खाली वाळू पसरा किंवा ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूब टाका, पूर्ण बूड टेकलं पाहिजे. बाहेरून बघायला अंतर हवं असेल तर आडवे लाकडी ओंडके दीड-दीड फुटावर घाला आणि पाणी दोन इंचांवर थांबवा. सोलापूर शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे हे जमणार नाही. शेतातल्या विहिरीजवळ मोटार लावून करा, पाणी नंतर पिकाला सोडा.

अर्धा तास थांबा. पाच मिनिटांत न गळणारी होडी वीस मिनिटांनी गळते, कारण एम-सील किंवा सिलिकॉनचा थर हळूहळू पाणी सोडतो.

थेंब आला म्हणजे होडी वाईट असं नाही. रिबिट मारलेली जुनी होडी दोन-चार ठिकाणी पाझरतेच. भरीव रिबिट दोघांनी मिळून, एकाने आतून लोखंडी ठोकळा धरून आणि दुसऱ्याने बाहेरून ठोकून, पुन्हा घट्ट होतात. बघायचं ते हे की पाझर विखुरलेला आहे की एका रेषेत. एका रेषेत दहा-बारा रिबिटं पाझरत असतील, त्यांच्याभोवती काळे ओघळ असतील, तर तो सांधा चालताना हलतोय. तशी होडी मी सोडून देतो. जुन्या रिबिटांच्या जागी बाजारातली साधी पॉप रिबिटं मारली असतील तर त्यांच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं, ती बंद तोंडाची हवीत.

वेल्डिंगच्या होडीत वेल्डची रेघ सहसा तुटत नाही. तिच्या शेजारचा पत्रा तडकतो, कारण उष्णतेने तो मऊ पडलेला असतो. मागच्या कोपऱ्यांत आणि बसायच्या फळ्या जिथे भिंतीला जोडल्यात तिथे नखाने चाचपून बघा. केसाएवढी चीर नखाला आधी कळते, डोळ्याला नंतर.

वजन करा

हे फार थोडे लोक करतात. बारा फुटी साधी होडी साधारण पन्नास ते सत्तर किलोची असते. आडतीतल्या प्लॅटफॉर्म काट्यावर ती ठेवा. ट्रकच्या मोठ्या काट्यावर दहा-वीस किलोचा फरक कळत नाही. नव्वद-शंभर भरली आणि जास्तीचं काही जोडलेलं दिसत नसेल, तर फळ्यांखालच्या फोमने पाणी प्यालंय. असा फोम दुहेरी नुकसान करतो: एक तर ओझं, आणि दुसरं, बुडायच्या वेळी तो वाचवत नाही.

लाकडी नाव उलटली तरी तरंगते. अॅल्युमिनियमची होडी पाण्याने भरली आणि तिच्यात हवा धरून ठेवणारं काही नसेल तर थेट तळाला जाते. साठ किलोच्या होडीचं पाण्यातलं वजन अडतीस किलोच्या आसपास उरतं, इंजिनाचं वीस धरा. म्हणजे साठेक लिटर हवा तरी बंद करून ठेवायला हवी, आणि माणसांना धरून राहता यावं म्हणून त्याहून जास्त. वीस लिटरचे घट्ट झाकणाचे चार कॅन, दोन्ही बाजूंना दोन-दोन, फळ्यांखाली पट्ट्यांनी आवळून बांधले की काम होतं. नुसते ठेवू नका. होडी भरली की ते उसळून निघून जातील. थर्माकोल घालणार असाल तर लक्षात ठेवा, पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

हे मी एवढं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण गेले. त्या पाण्यावर मीही असतो, तुम्हीही असाल. वळवाचा वारा सांगून येत नाही. होडीच्या भावाची घासाघीस करताना लाइफ जॅकेटचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा, होडीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी एक. आणि ते फळीखाली कोंबून न ठेवता अंगात घाला.

मागची फळी

इंजिन अडकवतात ती मागची भिंत आतून बहुधा प्लायवूडची असते, वरून पत्रा. बाहेरून शाबूत, आतून कुजलेली, असं सर्रास असतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका: टणक आवाज आला तर चांगलं, दबका ‘भद्द’ आला तर लाकूड गेलंय. इंजिन लावलेलं असेल तर त्याचं डोकं धरून पुढे-मागे हलवा. इंजिनाबरोबर भिंत हलली तर फळी बदलायचा खर्च धरा. सुताराकडून होणारं काम आहे, त्यासाठी होडी सोडायची गरज नाही, पण भाव उतरवायला हवा.

मग होडी पाण्यात

विकणाऱ्याला काठावर यायला लावा. होडीत तुम्ही जेवढी माणसं, जेवढं सामान नेणार तेवढं घाला, वाळूची पोती चालतील. भरलेल्या होडीचा काठ पाण्यापासून वीतभर तरी वर हवा. उजनीसाठी मी दीड वीत म्हणतो. उथळ पाण्यात, कंबरेएवढ्या, एका बाजूला सगळे सरका. किती कलते, परत येते का, ते स्वतः अनुभवा. वल्ह्यावर सरळ जाते की एका बाजूला ओढते? ओढत असेल तर बूड पिळलंय, उलटी करून बुडाच्या मधल्या कण्याच्या रेषेला दोरी लावून बघा. अर्धा तास फिरून आल्यावर कोरड्या फडक्याने तळ पुसून ओल येते का बघा.

इंजिन असेल तर ते थंड असतानाच पोहोचा, आधीच तापवून ठेवलेलं इंजिन कसंही चालू होतं. चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सलग पडली पाहिजे, नाही तर पंप गेला. खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधट दिसलं तर सील फुटलंय. इंजिनाचा दांडा होडीच्या मागच्या भिंतीच्या उंचीला जुळतो का, तेही मोजा: पंधरा इंची आणि वीस इंची असे दोन प्रकार सर्रास मिळतात आणि लोक चुकीची जोडी गळ्यात घेतात. इंजिनाबद्दल खात्री नसेल तर होडी एकटी घ्या. चांगली होडी आणि दोन वल्ही एवढ्यावर सुरुवात छान होते.

कागद

विक्रीची पावती लिहून घ्या, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, होडीची मापं, इंजिनाचा क्रमांक, दोन साक्षीदार. होडीची आधीची नोंदणी असेल तर ती तुमच्या नावावर करून मागा. मासेमारीचा हक्क होडीबरोबर येत नाही. त्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय आणि त्या पाण्यावरची मच्छीमार सहकारी संस्था, दोन्हीकडे आधी विचारा. पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यावर जगणारी माणसं आहेत, त्यांच्याशी बोलल्याशिवाय होडी उतरवू नका. आणि होडीबरोबर कुणी वडाप, म्हणजे बारीक आसाचं (छोट्या छिद्रांचं) जाळं, स्वस्तात देऊ करत असेल तर घेऊ नका. बोटाएवढी कटला-रोहूची पिल्लं त्यात मरतात, आणि ते बेकायदा आहे.

भाव

माझी रीत साधी आहे. वजन केलंच आहे, त्याला त्या दिवशीच्या अॅल्युमिनियमच्या भंगारभावाने गुणायचं. याच्या खाली विकणारा येणार नाही, येऊही नये. त्यावर किती द्यायचं ते पाण्याच्या परीक्षेवर. कोरडी निघाली तर मोकळ्या हाताने द्या. खडूच्या खुणा दाखवून एकेक दुरुस्ती भावातून वजा करा, विकणाऱ्यालाही ते पटतं. नेताना छोटा हत्ती बोलावू नका. त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास, होडी निम्मी बाहेर लोंबकळते आणि रस्त्यावरच्या खड्ड्यात दणका बसला की कोपऱ्याला चीर. लांब हौद्याची पिकअप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली सांगा, खाली उसाचं पाचट अंथरा.

आणल्यावर

दुरुस्ती गावातल्या साध्या वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. लोखंडाच्या सवयीच्या हाताने अॅल्युमिनियमला मोठं भोकच पडतं. हा धातू फार तर ६६० अंशांना वितळतो आणि वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे इशारा मिळत नाही. एमआयडीसीत आर्गॉन वेल्डिंग करणारे कारागीर आहेत, तिथे न्या. वेल्डिंगआधी फोम आणि पेट्रोलची टाकी पूर्ण बाहेर काढा, पेटलेल्या फोमचा धूर विषारी असतो. लोखंडी बोल्ट काढून स्टेनलेसचे घाला, मध्ये रबराचा वायसर.

ठेवताना होडी पालथी, दोन लाकडी ओंडक्यांवर. सिमेंटच्या ओल्या ओट्यावर नाही, खताच्या गोदामात नाही. वाऱ्याने उडेल एवढी ती हलकी असते, तेव्हा दोन्ही टोकांना दोरी मारून खुंटीला बांधा. उन्हाळ्यात पाण्यावर जाताना बसायच्या फळीवर ओलं गोणपाट टाका, नाही तर बसवणार नाही. आणि पहिला महिनाभर काठ डोळ्यांसमोर ठेवूनच जाळं सोडा, दर खेपेला फळी उचलून तळाला हात लावून बघा.